गाडी लांबली, जिना तेवढाच राहिला

शनिवार, १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं साडेतीनच्या सुमारास बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली. तीन इंजिनें, चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित पाहुणे, तोफांची सलामी आणि दुतर्फा जमलेले बघे यांचें वर्णन मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकिलें गेलें आहे. त्या वर्णनांतील एका हिशेबाकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. चौदा डब्यांत चारशें माणसें, म्हणजे डब्यामागें तीसही नाहींत. आज गर्दीच्या वेळीं बारा डब्यांच्या एका गाडींतून चार हजारांहून अधिक माणसें जातात. म्हणजे डब्यामागें तीनशेंहून अधिक. तीसांपासून तीनशेंपर्यंतचा हा प्रवास म्हणजेच मुंबईच्या उपनगरी आगगाडीचा इतिहास होय.

हा इतिहास बहुधा इंजिनांच्या, विजेच्या आणि वेगाच्या अंगानें सांगितला जातो. परंतु प्रवाशाचा प्रवास कांहीं डब्यांत सुरू होत नाहीं. तो रस्त्यावर सुरू होतो. तेथून जिना, पूल, फलाट आणि दार इतके टप्पे ओलांडल्यावर मग डबा. गाडी सुधारण्यासाठीं जितका विचार आणि पैसा खर्च झाला, तितका या चार टप्प्यांसाठीं झाला काय, हा प्रश्न या इतिहासांत वारंवार डोकें वर काढतो.

मुंबई हें दक्षिणोत्तर लांबट बेट. कचेऱ्या, गोद्या आणि बाजार दक्षिणेच्या टोकास, आणि वस्ती मात्र हळूहळू उत्तरेकडे सरकत गेलेली. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅकबेपर्यंत रोजची एक गाडी सुरू झाली, तेव्हां वसई, बोरिवली, अंधेरी हीं निव्वळ गांवें होतीं. गाडीनें गांवांचीं उपनगरें केलीं, आणि उपनगरांनीं गाडी भरून टाकली. सकाळीं सारें शहर दक्षिणेस आणि सायंकाळीं उत्तरेस वाहूं लागलें.

वाफेचें इंजिन या ओघास पुरे पडेना. दर स्थानकावर थांबून पुन्हां वेग घेण्यास त्यास वेळ लागे, आणि शेवटच्या स्थानकावर तें सोडवून दुसऱ्या टोकास जोडावें लागे. यास्तव ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं, मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें, व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गावर हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी धांवली. तिच्या दोन्ही टोकांस चालकाची खोली असल्यामुळें ती आली तशीच परत फिरे. १९२८ च्या जानेवारींत कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्यें विरारपर्यंत वीज पोंचली.

पुढें गाडीची लांबी वाढत गेली. प्रारंभीं चार डबे होते, ते १९२७ मध्यें आठ झाले, १९६१ मध्यें नऊ, १९८६ मध्यें बारा आणि २००९ मध्यें पश्चिम रेल्वेवर पंधरा. १९९९ मध्यें उपनगरी सुधारणांसाठीं मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झालें. २०१२ ते २०१६ या काळांत १,५०० व्होल्टची जुनी पद्धत जाऊन २५,००० व्होल्टची नवी पद्धत सर्व मार्गांवर आली, आणि तेंही रोजची वाहतूक चालू ठेवून. २०२० च्या साथीपूर्वीं या गाड्या दररोज सुमारें ७५ लक्ष प्रवासी नेत असत. इतक्या अल्प भाड्यांत इतकीं माणसें वाहून नेणारी दुसरी व्यवस्था जगांत क्वचित्‌च सांपडेल.

या गर्दीला जें कांहीं माणुसकीचें रूप आलें, तें पुष्कळसें प्रवाशांनींच दिलें. तिघांच्या बांकावर चौथ्यास टेकावयास जागा देण्याचा रिवाज कोणत्याही नियमपुस्तकांत नाहीं, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. उभ्या माणसाची पिशवी हातोहात फळीवर जाते. ठराविक गाडीच्या ठराविक डब्यांत टाळ वाजतात, भाजी निवडली जाते, सणवार साजरे होतात. ५ मे १९९२ रोजीं पश्चिम रेल्वेनें चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठीं गाडी सोडली, ती याच जाणिवेची राजमान्यता म्हणावी लागेल.

परंतु सोशिकपणानें जिना रुंद होत नाहीं, याचें दारुण प्रत्यंतर परळ भागांत आलें. हा मूळचा गिरण्यांचा मुलूख. कामगार गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यांतच चाळींत राही आणि कामावर पायीं जाई. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर बहुतेक गिरण्या कायमच्या थंडावल्या. १९९१ च्या विकास नियमांनीं गिरण्यांच्या जमिनी इतर उपयोगास मोकळ्या होण्याचा मार्ग उघडला. धुरांड्यांच्या जागीं कांचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तेथें कामास येणारा नोकरदार मात्र चाळींतला नव्हता. तो डोंबिवली, कल्याण, वसई, विरार येथून गाडीनें येणारा होता. जेथें पूर्वीं माणसें पायीं येत, तेथें तीं सहस्रावधि संख्येनें एकाच वेळीं गाडींतून उतरूं लागलीं. मध्य रेल्वेचें परळ आणि पश्चिम रेल्वेचें एल्फिन्स्टन रोड यांना जोडणारा पूल मात्र अरुंदच राहिला.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळीं पाऊस कोसळत होता. पुलावरचीं माणसें आडोशासाठीं थांबलीं, आणि मागून येणाऱ्या गाड्या नवीं माणसें ओतीत राहिल्या. त्या जिन्यावर चेंगरून २३ जणांनीं प्राण गमावले. गाडीखालीं कोणी आलें नव्हतें, रूळ तुटला नव्हता, सिग्नल चुकला नव्हता. कामावर निघालेलीं माणसें जिन्यावर मेलीं. त्यानंतर लष्कराच्या अभियंत्यांना पाचारण करण्यांत आलें, आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजीं नवा पूल खुला झाला. जें काम पांच महिन्यांत होऊं शकलें, तें त्यापूर्वींच्या पंचवीस वर्षांत निकडीचें कां वाटलें नाहीं? वाढलेले डबे आणि वाढलेल्या फेऱ्या मोजतां येतात आणि समारंभपूर्वक सुरू करतां येतात. जिन्याची अपुरी रुंदी मात्र त्यावर रोज अडकणाऱ्यालाच कळते.

फलाटाची गोष्टही अशीच. गाडीचा पायथा आणि फलाट यांतील पोकळींत सांपडून अनेकांचे प्राण वा अवयव गेले. उच्च न्यायालयानें लक्ष घातल्यावर २०१४ नंतर फलाट सुमारें ९०० मिलिमीटर उंचीपर्यंत उचलण्याच्या कामास वेग आला. दाराचा प्रश्न याहून अवघड. उघड्या दारांतून वारा येतो, चढउतार क्षणांत होतो. पण त्याच दारांत माणसें लोंबकळतात. रूळ ओलांडतांना आणि गाडींतून पडून या मार्गांवर दरसाल दोन हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद होत आली. २५ डिसेंबर २०१७ रोजीं बंद दारांची वातानुकूलित गाडी सुरू झाली, तरी तिचें भाडें पुष्कळांस न परवडणारें. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळच्या वळणावर दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडून मृत्युमुखीं पडले. तेव्हां साध्या गाड्यांनाही हवा खेळती ठेवणारीं बंद दारें बसविण्याचा निर्णय रेल्वेनें जाहीर केला.

पूल, फलाट आणि दार या तिहींच्या बाबतींत क्रम एकच दिसतो: आधीं शोक, मागाहून सुधारणा. १८५३ सालीं चारशें पाहुण्यांना आदरानें गाडींत बसविण्यांत आलें होतें. त्यांच्या वंशजांना तो मान नको. त्यांना तिकिटाच्या पैशांत घरापासून कचेरीपर्यंत आणि कचेरीपासून घरापर्यंत धडधाकट पोंचावयाचें आहे. नव्या गाडीचा विचार करतांना तिच्या डब्यांची संख्या कागदावर लिहिली, कीं त्याच कागदावर, त्याच दिवशीं, तीं सारीं माणसें ज्या जिन्यानें उतरावयाचीं त्याची रुंदीही लिहिली पाहिजे.