नवा क्लच, जड गिअर: अनगोळ-उद्यमबागेतील मोटारदुरुस्तीची वाटचाल

अनगोळ हे बेळगाव शहराच्या दक्षिण भागात सामावून गेलेले जुने गाव. त्याला लागून, खानापूर रस्त्याच्या अंगाने, उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत उभी राहिली. ओतशाळा, लेथवरची कामे, ग्राइंडिंग आणि मोटार गॅरेज हे धंदे या पट्ट्यात एकमेकांच्या आधाराने वाढले. पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीवरून बेळगावात येतो. पश्चिमेला चोर्ला, अनमोड आणि आंबोली हे घाट गोवा व कोकणाकडे उतरतात. त्यामुळे बेळगावच्या केए-२२, चिकोडी-निपाणीकडच्या केए-२३, कोल्हापूरच्या एमएच-०९ आणि गोव्याच्या गाड्या इथल्या रस्त्यांवर नेहमीच्या. घाटात क्लच लवकर झिजतो, म्हणून क्लच बदलणे हे या भागातल्या गॅरेजांचे ठरलेले काम. त्यापाठोपाठ येणारी तक्रारही ठरलेली: क्लच नवा टाकला आणि गिअर जड पडू लागला.

या तक्रारीचे मूळ क्लचच्या रचनेत आहे. इंजिनच्या फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट क्लच प्लेटला दाबून धरते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनबरोबर फिरतो. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेट मागे उचलली जाते आणि क्लच प्लेट मोकळी होते. ही उचल जेमतेम एक-दीड मिलिमीटरची असते. तेवढीही मिळाली नाही, तर प्लेट फ्लायव्हीलला किंचित घासत राहते आणि शाफ्ट थांबत नाही. गिअर पडताना सिंक्रो रिंगेला शाफ्ट आणि क्लच प्लेट यांचाच वेग जुळवायचा असतो. क्लच पूर्ण सुटला नाही, तर तिला इंजिनशी झुंजावे लागते. मग दांडा अडतो, रिव्हर्स टाकताना कर्र असा आवाज येतो.

यंत्रदुरुस्तीची परंपरा बेळगावला मोटारीच्या आधीपासून आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये इथे सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर इथेच तयार होऊ लागले. नगरपालिकेच्या आदेशाने जागा सोडावी लागल्यावर त्यांनी औंध संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. कारखाना गेला, तरी ओतकाम आणि यंत्रकाम बेळगावात पुढे वाढतच राहिले. बेळगाव आज वाहनांच्या ओतीव भागांसाठी ओळखले जाते, आणि फ्लायव्हील व प्रेशर प्लेट हे दोन्ही भाग मुळात ओतीव लोखंडाचेच असतात.

पहिल्या पिढीच्या मोटारींत गिअर जड पडणे हा दोष मानलाच जात नसे. त्यांच्या गिअरबॉक्सला सिंक्रो नव्हता. दात जुळवण्याची जबाबदारी चालकावर होती. क्लच दाबून गिअर न्यूट्रल करायचा, क्लच सोडून इंजिनचा वेग जुळवायचा, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा, या रीतीला ‘डबल क्लच’ म्हणत. अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये सिंक्रोमेश गिअरबॉक्स बाजारात आणला. पण भारतातल्या जीप, ट्रक आणि मोटारींत तो टप्प्याटप्प्याने आला. विलिस जीपच्या तीन गिअरांच्या पेटीत पहिला गिअर बिनसिंक्रोचाच होता. टाटा-मर्सिडीज ट्रक १९५४ पासून रस्त्यावर आले. तवंदी किंवा वंटमुरीच्या घाटात भरलेल्या ट्रकचा गिअर उतरवताना चालकाच्या पायाची परीक्षा होई, आणि गिअर अडला तर आधी चालकालाच बोल लागे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. रस्ते मात्र पूर्वीसारखेच कोल्हापूर आणि हुबळी या दोन्हींकडे जात राहिले. याच सुमारास अँबॅसडर आली आणि १९६४ मध्ये प्रीमियरने फियाट ११००डी बनवायला घेतली. दोन्हींचा गिअरदांडा स्टिअरिंगला जोडलेला होता. दांड्यापासून पेटीपर्यंत सळ्या, सांधे आणि बुश यांची साखळी असे. क्लच बदलण्यासाठी पेटी उतरवताना हे सांधे सोडावे लागत, आणि परत जोडताना सळीची लांबी थोडी चुकली किंवा झिजलेले बुश तसेच राहिले की गिअर जड होई, कधी दोन गिअरांच्या मध्ये अडके. नव्या क्लचवर येणारा आळ पुष्कळदा या साखळीचा असे. इंजिन बंद करून गिअर टाकून पाहण्याची साधी चाचणी त्यामुळे महत्त्वाची ठरली. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच सुटत नाही. दोन्ही वेळा अडतात, तर दांडा, सळ्या किंवा पेटी तपासायची.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि गॅरेजचे काम बदलले. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या या गाडीत इंजिन आडवे असल्याने पेटी उतरवायची तर ड्राइव्ह शाफ्टही काढावे लागतात. क्लच केबलवर चालतो, आणि जड गिअरचे सर्वात सामान्य कारण या केबलमध्येच सापडते. जुनी क्लच प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटे रिलीज बेअरिंगकडे सरकतात. पेडलची मोकळी हालचाल कमी होते, म्हणून फिटर वेळोवेळी केबल सैल करतो. नवी जाड प्लेट बसली की बोटे पुन्हा मागे जातात. केबल मात्र सैलच राहते. पेडलचा बराचसा प्रवास ही पोकळी भरण्यात जातो आणि क्लच पूर्ण सुटत नाही. अशा वेळी नट फिरवून केबल पुन्हा जुळवली की काम संपते. जुनी, आतून तारा तुटू लागलेली केबल ओढताना ताणली जाते. ती बदलण्यावाचून इलाज नसतो.

केबल ठीक असेल, तर दोष बसवणीत शोधावा लागतो. क्लच प्लेटला पुढची-मागची बाजू असते. उलटी बसली तर तिचा मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना लागतो. पेटी चढवताना तिचे वजन शाफ्टवरून प्लेटवर लोंबकळू दिले, तर प्लेट वाकते, आणि दीड मिलिमीटरच्या उचलीत किंचित वाकही पुरेसा घातक ठरतो. शाफ्टच्या स्प्लाइनवर गंज असेल, तर प्लेट मागेपुढे सरकत नाही. ग्रीस जास्त लावले, तर ते उडून प्लेट खराब करते. फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग अडकले, तर क्लच सुटूनही शाफ्ट इंजिनबरोबर फिरतो. पेटीच्या डॉवेल पिना राहून गेल्या, तर शाफ्ट मध्यावर बसत नाही. तापून तडकलेले किंवा लाटेसारखे झालेले फ्लायव्हील लेथवर फेसिंग करून घ्यावे लागते; उद्यमबागेसारख्या वसाहतीत गॅरेजजवळच लेथ मिळणे इथे उपयोगी पडते.

हायड्रॉलिक क्लचच्या गाड्या वाढल्या तशी हवेची अडचण वाढली. काम करताना पाइपात हवा शिरली की पेडल मऊ लागते आणि जोर पोचत नाही; ब्लीडिंग करून हवा काढावी लागते. मास्टर सिलिंडरचा वॉशर झिजला असेल, तर पेडल धरून ठेवल्यावर क्लच हळूहळू परत पकड घेतो. काही नव्या गाड्यांत रिलीज बेअरिंग आणि सिलिंडर पेटीच्या आतच एकत्र असतात. तो भाग जुनाच ठेवला आणि नंतर गळू लागला, तर पेटी पुन्हा उतरवावी लागते. म्हणून तो क्लचबरोबरच बदलण्याची शिफारस केली जाते.

गिअर ऑइलचाही वाटा असतो. पेटी उतरवताना ऑइल काढले जाते आणि भरताना ग्रेड बदलतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात हिवाळ्याची सकाळ गार असते. प्रमाणाबाहेर घट्ट ऑइलमुळे गिअर पहिल्या काही किलोमीटरपर्यंत जड लागतो आणि पेटी तापल्यावर हलका होतो. सिंक्रो रिंग पितळी असेल तिथे ऑइलचा दर्जा कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवणे आवश्यक असते.

हे ज्ञान आधी वस्तादाच्या हाताखाली मिळे. अप्रेंटिस कायदा १९६१ मध्ये झाला, आयटीआयमधून मोटार मेकॅनिक तयार होऊ लागले, आणि उद्यमबागेतच १९७९ मध्ये गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाले. तरीही फिटर तपासाची सुरुवात त्याच क्रमाने करतो: इंजिन बंद ठेवून चाचणी, मग केबल किंवा हवा, मग दांड्याची जोडणी आणि ऑइल, पेटी उतरवणे सगळ्यात शेवटी, कारण त्यात दिवसाची मजुरी जाते.

२०१४ मध्ये मारुती सेलेरियोसोबत एएमटी गाड्या सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आल्या. त्यांत क्लच पेडल नाही. क्लच आणि गिअर हलवण्याचे काम संगणकाच्या आज्ञेने होते. जुन्या प्लेटची पकड कुठे सुरू होते, हे त्या संगणकाने साठवलेले असते. नवा क्लच बसल्यावर ही नोंद स्कॅनर जोडून नव्याने शिकवावी लागते, नाहीतर बसवणी निर्दोष असूनही गिअर झटक्याने पडतात किंवा अडतात. मारुती ८०० मध्ये जी जुळणी नट फिरवून होत असे, तिच्यासाठी आता गॅरेजला स्कॅनर ठेवावा लागतो.