बोगाँग पतंगाची वाट

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, बुकन गावाजवळ, क्लॉग्ज नावाची गुहा आहे. गुनाईकुर्नाई या मूळ रहिवाशांच्या भूमीत ती येते. २०१९ साली तेथील उत्खननात वाटण्याचा एक लहान दगड निघाला. त्यावर बोगाँग पतंगाचे अवशेष होते. त्यांचे वय सुमारे २,००० वर्षे ठरले. पाटा-वरवंटा हाही इतिहासाचा दस्तऐवज असतो, हे आपल्या जुन्या घरांतील वाचकांस वेगळे सांगावयास नको.

हा तपकिरी पतंग वसंतात उत्तरेकडील मैदानांतून सुमारे १,००० किलोमीटर उडून आल्प्स पर्वतातील थंड गुहांत येतो. एका चौरस मीटरवर १७,००० पतंग दाटीने उन्हाळा काढतात. शरदात ते परततात, अंडी घालतात व मरतात. म्हणजे वाट दाखविणारे कोणी मागे उरत नाही. तरी पुढली पिढी नेमकी तेथेच पोहोचते. पृथ्वीचे चुंबकत्व आणि ताऱ्यांचे आकाश त्यांस दिशा देते, असे २०१८ व २०२५ सालच्या संशोधनांनी दाखविले.

पूर्वी या पतंगांसाठी अनेक टोळ्या डोंगरांत जमत. पतंग गरम राखेत भाजून खात किंवा वाटून त्यांच्या वड्या करीत. तेथेच सोयरिकी जुळत, तंटे मिटत. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांची वसाहत पसरली आणि हे मेळे मोडले. माणसे आधी हटली. पतंगांवर पाळी नंतर आली.

२०१७ पासूनच्या दुष्काळात मैदानांतील अळ्यांचा चारा करपला आणि गुहा जवळजवळ ओस पडल्या. पतंगांवर जगणाऱ्या पर्वतीय पिग्मी पॉसमची पिल्ले मातेच्या पिशवीतच दगावली. डिसेंबर २०२१ मध्ये हा पतंग ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. पुढे पाऊस झाला, संख्या काहीशी सावरली. पण धोका टळलेला नाही. शहरांचे दिवे त्यांस वाटेतच अडकवितात, म्हणून स्थलांतराच्या दिवसांत अनावश्यक दिवे मालवावेत, अशी मोहीम तेथे चालते.

सरकारी नोकरीत आम्ही दुष्काळाचे तक्ते भरले. त्यांत माणसे, गुरे, पिके यांचे रकाने होते. अळीची नोंद आमच्या लेखी ‘कीड’ एवढीच. बोगाँगची अळीही तेथील शेतकऱ्यांच्या लेखी कीडच होती. तिच्यावर एक पर्वत जगत होता, हे गुहा रिकाम्या झाल्यावर अनेकांस कळले. आमचा तो तक्ता अपुरा होता, हे आम्ही आज मान्य करतो.