सशाचा पाय, एक गोळी आणि गाळलेले नाव

1 नोव्हेंबर 2015, रविवार. त्या पहाटे अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे गेली होती. रात्री न्यूयॉर्कमध्ये 9 वाजता एएमसी वाहिनीवर ‘द वॉकिंग डेड’ या झोंबींच्या मालिकेच्या सहाव्या पर्वातला चौथा भाग सुरू झाला, तेव्हा वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडमध्ये संध्याकाळचे 6 वाजले होते आणि पुण्यात सोमवारी सकाळचे 7:30. भागाचे नाव ‘हिअर्स नॉट हिअर’. जाहिराती धरून लांबी दीड तास. मालिकेची नेहमीची मंडळी त्यात जवळजवळ नाहीत. मॉर्गन नावाचा वेडाच्या काठावरचा माणूस, त्याला माणसात आणणारा ईस्टमन, एक शेळी आणि रानातले एक घर, एवढ्यावरच ही पूर्वकथा सावकाश उलगडते.

प्रेक्षकांत लगेच दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे, की रंगात आलेली गोष्ट अडवण्यासाठी हा भाग मध्येच कोंबला. दुसऱ्या तटाला तो मालिकेतल्या सर्वोत्तम भागांपैकी वाटला. आवडीनिवडीचा निवाडा कागदपत्रांवरून होत नाही. ‘मध्येच कोंबला’ हे मात्र घटनेविषयीचे विधान आहे, आणि ते पुराव्यावर तपासता येते. प्रसारणाच्या तारखा, श्रेयनामावल्या, प्रेक्षकसंख्येचे आकडे आणि खुद्द भाग हे सारे साहित्य आज उपलब्ध आहे.

रागाचे मूळ आधीच्या रविवारी सापडते. 25 ऑक्टोबरच्या ‘थँक यू’ या भागात ग्लेनच्या सोबत असलेला निकोलस स्वतःवर गोळी झाडतो आणि त्याच्यासह ग्लेन कचऱ्याच्या लोखंडी पेटीवरून झोंबींच्या गर्दीत कोसळतो. कॅमेरा ग्लेनच्या चेहऱ्यावर राहतो, आतडी ओढली जाताना दिसतात, पण ती कोणाची हे दिसत नाही. पहिल्या पर्वापासून जिवाभावाचा झालेला हा माणूस गेला की वाचला? उत्तरासाठी लोक आठवडाभर थांबले आणि पुढच्या रविवारी पडद्यावर मॉर्गनची जुनी कहाणी आली.

पहिला पुरावा श्रेयनामावलीचा. 1 नोव्हेंबरच्या भागापासून सुरुवातीच्या नावांतून ग्लेनची भूमिका करणाऱ्या स्टीव्हन यूनचे नाव गायब झाले. ते 22 नोव्हेंबरच्या ‘हेड्स अप’ या सातव्या भागात परतले. त्याच भागात ग्लेन पेटीखाली सरकून वाचल्याचे कळते. निर्मात्यांना शेवट ठाऊक होता आणि नाव जाणूनबुजून गाळले होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. 25 ऑक्टोबरच्या रात्री ‘टॉकिंग डेड’ या चर्चेच्या कार्यक्रमात मालिकेचे सूत्रधार स्कॉट गिम्पल यांचे निवेदन वाचून दाखवले गेले. ग्लेन या ना त्या रूपात पुन्हा दिसेल, कदाचित जुन्या आठवणीत, कदाचित चालू कथेत, असा त्याचा आशय होता. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर प्रेक्षकांना चार आठवडे संभ्रमात ठेवण्याचा हेतू सिद्ध होतो. पहिल्या तटाचा हा मुद्दा मान्य करावाच लागतो. पण त्यातून ‘हिअर्स नॉट हिअर’ केवळ त्या हेतूसाठी घडवला असे सिद्ध होत नाही.

दुसरा पुरावा आकड्यांचा. नील्सनच्या मोजणीनुसार पहिल्या प्रसारणाला ‘थँक यू’ 1 कोटी 31 लाख 40 हजार लोकांनी पाहिला आणि ‘हिअर्स नॉट हिअर’ 1 कोटी 33 लाख 40 हजारांनी. म्हणजे संख्या दोन लाखांनी वाढली, तीही बेसबॉलच्या वर्ल्ड सीरीजचा पाचवा आणि निर्णायक ठरलेला सामना त्याच रात्री चालू असताना. पुढच्या रविवारी ‘नाउ’ या भागाला आकडा 1 कोटी 24 लाख 40 हजारांवर आला.

हे आकडे दोन्ही तटांना आपापल्या बाजूचे वाटतील, म्हणून इथे जपून पाऊल टाकले पाहिजे. वाढ झाली म्हणून भाग आवडला, हा निष्कर्ष चूक आहे. लोक टीव्हीसमोर बसले तेव्हा त्यांना पुढ्यात काय येणार हे पुरते माहीत नव्हते; बरेच जण ग्लेनसाठी आले असणार. पुढे नऊ लाख घटले म्हणून भाग नावडला, हेही घाईचे. त्याच पर्वात पहिल्या आणि दुसऱ्या भागांमध्ये घट याहून मोठी होती, 1 कोटी 46 लाख 30 हजारांवरून 1 कोटी 21 लाख 80 हजारांपर्यंत, आणि तिथे कोणतीही संथ पूर्वकथा आडवी आलेली नव्हती. किती जण आले ते आकडा सांगतो. ते का आले आणि काय घेऊन परतले, हे त्याला विचारू नये.

तिसरा पुरावा सर्वांत वजनदार आहे आणि तो वर्षभर आधी पडद्यावर येऊन गेला होता. 30 नोव्हेंबर 2014च्या ‘कोडा’ या भागात, श्रेयनामावली संपल्यानंतरच्या छोट्या दृश्यात मॉर्गन एका ओसाड चर्चमध्ये शिरतो आणि वेदीपुढे काही वस्तू मांडतो. त्यांत सशाचा पाय आहे आणि बंदुकीची एक गोळी. त्या वेळी या वस्तूंचा अर्थ लावायला कोणताच आधार नव्हता. अकरा महिन्यांनी ‘हिअर्स नॉट हिअर’मध्ये दोन्हींचा उगम दिसतो. सशाचा पाय ईस्टमनला त्याच्या मुलीने दिलेला, तो त्याच्याकडून मॉर्गनकडे येतो. गोळी देते रानात भेटलेली एक स्त्री, मॉर्गनने तिला आणि तिच्या जोडीदाराला जिवंत सोडले म्हणून.

या जुळणीचे मोल मोजूनमापूनच धरायला हवे. संपूर्ण पटकथा 2014 मध्ये तयार होती, असे यातून म्हणता येत नाही. वस्तू आधी दाखवून त्यांची गोष्ट मागाहून रचणेही शक्य असते. पण 29 मार्च 2015च्या ‘कॉन्कर’ या भागात मॉर्गन काठीने लढतो आणि हल्लेखोरांना ठार न मारता सोडतो. 3 मार्च 2013च्या ‘क्लिअर’मध्ये हाच माणूस भ्रमिष्ट होऊन दिसेल त्यावर गोळ्या झाडत होता, आणि तो भागही गिम्पल यांनीच लिहिलेला. दोन मॉर्गनांच्या मधला सांधा दाखवणे मालिकेला भागच होते. ‘हिअर्स नॉट हिअर’ गिम्पल यांनी स्वतः लिहिला. त्यातली आठवण संपते ती वाचलेल्यांना टर्मिनस या आश्रयस्थानाकडे बोलावणाऱ्या फलकापाशी, आणि 12 ऑक्टोबर 2014च्या ‘नो सँक्च्युअरी’च्या अखेरीस मॉर्गन त्याच वाटेवर दिसला होता. ‘क्लिअर’ आणि ‘नो सँक्च्युअरी’ यांमधली मोकळी जागा हा भाग दोन्ही टोकांनी नेमकी भरतो.

मूळ कॉमिक, म्हणजे ऑक्टोबर 2003 पासून निघालेली रॉबर्ट कर्कमन यांची चित्रकथा, इथे मदतीला येत नाही. तिच्यात ईस्टमन नाही आणि त्याने मॉर्गनला दिलेले काठीचे शिक्षणही नाही. त्यामुळे चित्रकथा पाठ असलेल्या वाचकालाही पुढचे ताडता आले नसते.

स्थळाबाबत एक सावधगिरी. मालिकेचा नायक रिक आणि मॉर्गन यांचे मूळ गाव जॉर्जियातल्या किंग काउंटीत दाखवले आहे. रेडमंडकर ज्या काउंटीला मालमत्ता कर भरतात तिचेही नाव किंग काउंटी, पण ती वॉशिंग्टन राज्यात. जॉर्जियात 159 काउंट्या आहेत आणि त्यांत किंग नावाची एकही नाही. तेव्हा या प्रवासाचा पहिला मुक्काम नकाशावर शोधण्यात अर्थ नाही. ईस्टमनचे घर अटलांटापासून गाठता येईल अशा अंतरावर असावे, कारण गुन्हा कबूल करायला तो अटलांटाला निघाला आणि जग संपल्याचे त्याला त्या वेळी कळले. हे अनुमान आहे, पण त्याच्याच बोलण्यावर उभे आहे.

तो गुन्हा कोणता, यातच भागाच्या संथपणाचे कारण आहे. ईस्टमन हा तुरुंगातल्या कैद्यांची मानसिक तपासणी करणारा डॉक्टर. ज्या कैद्याने त्याची बायको आणि मुले मारली, त्याला त्याने घरातल्या कोठडीत डांबून 47 दिवस उपाशी ठेवले आणि मरू दिले. मन शांत झाले नाही. त्याच कोठडीत पुढे तो मॉर्गनला ठेवतो, आणि तिचे दार पहिल्यापासून उघडेच असल्याचे त्याला सांगतो. मॉर्गनच्या हाती येते ते जपानच्या मोरिहेई उएशिबा यांच्या वचनांचे ‘द आर्ट ऑफ पीस’; उएशिबा (1883–1969) हे आयकिडोचे खरेखुरे संस्थापक. वेड्या माणसाचा हात मारण्यापासून परत फिरवायला किती वेळ लागतो, हे दीड तासात दाखवायचे तर घाई करून चालले नसते.

हे सारे मॉर्गन रिकचा गट राहतो त्या अलेक्झांड्रिया वसाहतीत पकडून ठेवलेल्या एका जखमी हल्लेखोराला सांगत असतो. ऐकून तो म्हणतो, आपण बरे झालो तर इथल्या सगळ्यांना ठार करावे लागेल. मॉर्गन बाहेर येतो आणि दाराला कुलूप घालतो. बाहेरून रिकची हाक येते, फाटक उघडा. चालू कथा या भागात एवढीच पुढे सरकते. पण या कैद्याचा धागा तिथे तुटत नाही: 14 फेब्रुवारी 2016च्या ‘नो वे आउट’मध्ये तोच माणूस डेनीस या डॉक्टरला वाचवताना चावला जातो. कोणाचाही जीव घेऊ नये हे ईस्टमनचे म्हणणे खरे की खोटे, याची कसोटी मालिकेने नंतर खरोखर घेतली. वेळ काढण्यासाठी रचलेल्या भागाचे परिणाम इतके लांबवर जात नाहीत.

पूर्वकथेची मराठी प्रेक्षकांना अडचण नाही, याचाही दाखला आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ या मराठी मालिकेची सुरुवात 2016 मध्ये कुटुंबप्रमुख अण्णांच्या मृत्यूने झाली, आणि 14 जानेवारी 2019 पासूनचे दुसरे पर्व त्यांच्या हयातीतल्या काळात मागे गेले. शेवट माहीत असूनही घराघरांत ते पाहिले गेले. फरक इतकाच, की तिथे कोणाचा जीव टांगणीला ठेवून लोकांना मागे नेले नव्हते.

उपलब्ध पुराव्यावर माझा निवाडा असा. प्रेक्षकांना झुलवले ही तक्रार खरी आहे. गाळलेले नाव तिचा लेखी पुरावा आहे. हा भाग भरताड होता ही तक्रार मात्र टिकत नाही. सशाचा पाय आणि ती गोळी तिच्या विरुद्ध साक्ष देतात. दोष भागाच्या जागेत होता, भागात नव्हे. शंका असेल त्यांनी ‘क्लिअर’, ‘कोडा’चे शेवटचे दृश्य आणि ‘हिअर्स नॉट हिअर’ हे तीन दुवे या क्रमाने, ग्लेनला बाजूला ठेवून पाहावेत आणि आपला निकाल आपणच द्यावा.