चीक, गूळपाणी आणि सरकारी दप्तर

1906 साली खानदेशाचे दोन भाग होऊन पश्चिम खानदेशाचा अंमल धुळ्याच्या कचेरीतून चालू लागला, तेव्हा अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांविषयी सरकारास आस्था होती ती जमाबंदीची, जंगलाची आणि आबकारीची. पाड्यावरची बाळंतीण आपल्या अर्भकाच्या मुखी प्रथम काय घालते, हा विषय मामलेदाराचा नव्हे, सुईणीचा होता. पहिला चीक पिळून टाकावा आणि दूध उतरेपर्यंत मध किंवा गूळपाणी बोटाने चाटवावे, हा रिवाज डोंगराइतकाच सपाटीवरच्या सुशिक्षित घरांतही होता. सुश्रुतसंहितेतही स्तन्य तीन-चार रात्रींनी प्रवृत्त होते असे सांगून तोवर मध व तूप देण्याचे विधान आहे. तेव्हा आदिवासी मातेस अडाणी ठरवणाऱ्या डॉक्टरांनी आधी सुश्रुताशी वाद घालावा हे बरे!

पुढे 1975 साली एकात्मिक बालविकास योजना आली, 1995 साली नवसंजीवन योजना आली, 1 जुलै 1998 रोजी या डोंगरांसह नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि जो विषय दप्तरात नव्हता तो कुपोषणाच्या निमित्ताने तक्त्यांत जाऊन बसला. चीक टाकू नये, सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध द्यावे, हा उपदेश शास्त्रशुद्धच होता. परंतु ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या, शेताच्या बांधावर झोळी बांधून मुकादमाच्या नजरेखाली राबणाऱ्या स्त्रीस तो फर्मानासारखा ऐकवण्यात काय हशील? जी परिचारिका बाळंतिणीजवळ बसून मुलाची हनुवटी स्तनाला टेकली आहे की नाही, खालचा ओठ बाहेर वळला आहे की नाही, केवळ बोंडी नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात गेला आहे की नाही, हे पाहते, तिच्या अर्ध्या घटकेचे मोल दहा भाषणांहून अधिक आहे. आणि आजारपणामुळे वा अन्य कारणाने आईस पाजता आले नाहीच, तर तिला दोष न देता वरचे दूध बाटलीऐवजी स्वच्छ वाटी-चमच्याने कसे पाजावे, हे दाखवणे हेही त्याच परिचारिकेचे कर्तव्य होय. डबाबंद दुधाच्या कंपन्यांनी आरोग्यसेवकांस भेटवस्तू देऊन हे कर्तव्य भलतीकडे वळवू नये, म्हणून 1992 सालचा कायदा करावा लागला.

सरदार सरोवराच्या फुगवट्याने नर्मदाकाठचे पाडे वाटांपासून तुटल्यावर तर उपदेश पोहोचवण्याचीच पंचाईत झाली. 2020 साली करोनाच्या धास्तीने माता अंगणवाडीत येईनाशा झाल्या, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे मच्छीमाराची होडी मागून घेऊन, स्वतः वल्ही मारीत, अर्भके तपासण्यास आणि गरोदर स्त्रियांना आहार पोहोचवण्यास पलीकडच्या पाड्यांवर जाऊ लागल्या.