धरण सुरक्षित आहे

पाटण तालुक्यात वाढलेल्या कुणालाही एक बातमी तोंडपाठ असते. कोयना परिसर भूकंपाच्या सौम्य धक्क्याने हादरला. रिश्टर स्केलवर त्याची तीव्रता अमुक इतकी होती. केंद्रबिंदू धरणापासून इतक्या किलोमीटरवर, हेळवाकच्या अमुक दिशेला होता. कोठेही हानी झाल्याचे वृत्त नाही. आणि शेवटी, किंवा अनेकदा मथळ्यातच : धरण सुरक्षित आहे.

आकडे बदलतात, बाकी मजकूर जुनाच. या बातमीला तालुक्याने दिलेलं उत्तरही तितकंच जुनं. ते मी एसटी स्टँडवर ऐकलंय, चहाच्या टपरीवर ऐकलंय, घरातल्या म्हाताऱ्यांकडून तर कितीदा : ''धरान बरं हाय म्हनं. आपलं इचारलं का कुनी?''

वर्तमानपत्रांत संपादकांना आलेली पत्रं छापून येतात, त्यामुळे ती इतिहासाच्या साधनांत जमा होतात. बातमी ऐकून टपरीवर मारलेला टोमणा कुठेच जमा होत नाही. पण विज्ञान-तंत्रज्ञान आमच्या भागात कसं आलं आणि लोकांनी ते कसं घेतलं, याचा इतिहास लिहायचा तर हे टोमणे वगळून चालणार नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या एका डोंगरी तालुक्याने महाकाय धरण, भूमिगत वीजघर, भूकंप, पवनचक्क्या आणि जमिनीत तीन किलोमीटर खोल घेतलेलं छिद्र, एवढं सगळं पाहिलं. प्रत्येक वेळी बातमी वरून आली आणि शेरा खालून गेला. त्या शेऱ्यांत विज्ञान किती, अज्ञान किती आणि तिसरं काही होतं का, हे तपासून पाहायचं मी ठरवलं.

सुरुवात पाण्यापासून करू. 'धरणाच्या पाण्यातून सरकार वीज काढून घेतं, मग त्या पाण्यात सत्त्व उरत नाही, ते पिकाला काय उपयोगाचं' हा किस्सा देशातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या धरणाच्या नावावर सांगितला जातो. शहरी माणूस तो खेडवळ अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगतो आणि हसतो. भौतिकशास्त्र हसणाऱ्याच्या बाजूचं आहे. पाणी उंचावरून पडताना त्याची स्थितिज ऊर्जा टर्बाइनच्या पात्यांना मिळते. पाण्याच्या रेणूत काही कमी होत नाही. ते पाणी दुधासारखं विरजत नाही आणि उसासारखं पिळूनही निघत नाही.

पण हाच किस्सा कोयनेला लावून पाहा. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे तिचं पाणी निसर्गतः पूर्वेचं, देशावरचं. पण वीज करायची तर पाण्याला उंची हवी. धरणाच्या पायथ्याशी मिळणारी उंची शंभर मीटरच्या आतली. तेच पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे, पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडलं की चारशे मीटरांहून जास्त उंची मिळते. अभियंत्याच्या दृष्टीने हा निर्णय अगदी सरळ आहे. म्हणून कोयनेचं पाणी पश्चिमेला वळलं. वीज करून ते वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणवरून समुद्राला मिळतं. कृष्णा पाणी तंटा लवादाने या वळवण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. धरणाची आजची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. या दोन आकड्यांवरून पाण्याचा मोठा वाटा कुठे जातो, ते कळतं.

आता किस्सा पुन्हा वाचा. वीज काढून घेतलेलं पाणी शेतीच्या कामाचं राहत नाही. कोयनेपुरतं हे वाक्य चुकीच्या कारणासाठी का होईना, पण खरं आहे. ज्या पाण्यातून पोफळीला वीज निघाली, ते पाटण, कराड किंवा सांगलीच्या शेतापर्यंत परत येत नाही. पूर्वेला सिंचनासाठी पाणी सोडतात, त्यावर खालच्या योजना चालतात, हेही तितकंच खरं. पण ते पश्चिमेला न गेलेलं पाणी. वाटणीचा हा प्रश्न लवादाने टीएमसीत मांडला, त्याआधी आणि त्यानंतरही तो किश्शाच्या रूपात हिंडत होता. ऐकणाऱ्याने त्यातली भौतिकशास्त्राची चूक तेवढी पकडली आणि वाटणीचा मुद्दा सोडून दिला.

हा मुद्दा सुटणं किती महाग पडलं, ते शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांना विचारावं. शंभराच्या आसपास गावं उठली. कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी सांगलीकडे, कुणी कोकणात. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली, तर कोयनेचं पाणी साठायला लागलं १९६०च्या दशकाच्या आरंभी. म्हणजे आधी गावं उठली, मग कायदा उठला. मोर्चे आणि धरणी आजपर्यंत चालू आहेत. धरणासाठी धरणं, हा श्लेष आमच्याकडे आता कुणाला हसवत नाही.

मग ११ डिसेंबर १९६७ची पहाट आली. वेळ चार वाजून एकवीस मिनिटं. सहाहून अधिक तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली, कोयनानगरची बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. धरणालाही भेगा गेल्या, पण ते उभं राहिलं. पुढे उंच भागाला मागून टेकू देऊन ते बळकट करण्यात आलं. मुंबईची वीज गेली, तेव्हा कुठे बऱ्याच मुंबईकरांना कळलं की आपला दिवा कोणत्या गावावर जळतो.

दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूमी, इथे मोठा भूकंप होत नाही, असं तोवर मानलं जायचं. त्यामुळे प्रश्न उभा राहिला : हा भूकंप धरणाने आणला का? अमेरिकेत हूवर धरणामागच्या मीड सरोवराजवळ १९३०च्या दशकात धक्के नोंदले गेले होते. चीनमधलं शिनफेंगच्यांग, आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता ही उदाहरणं १९६०च्या दशकातली, ताजी. कोयनेलाही तळं भरू लागल्यावर लहान धक्के सुरू झाले होते आणि सप्टेंबर १९६७मध्ये एक चांगला जोराचा धक्का बसला होता. तरी तज्ज्ञांत बरीच वर्षं दोन तट राहिले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय लावून धरला. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत कोयना हे जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणून दिलेलं असतं.

यावर तालुक्याचं भाष्य सरळ : एवढा भार घातल्यावर भुई कूस बदलणारच. तेवढ्यापुरतं ते बरोबर. तळ्याचा आणि भूकंपाचा संबंध आहे. पण कारण तपासलं की गंमत कळते. शंभर मीटर पाण्याचा दाब म्हणजे दहा वातावरणांइतका. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचं स्वतःचं वजनच याच्या शंभर पटींहून जास्त दाब देत असतं. म्हणजे खालच्या खडकाला तळ्याचा भार म्हणजे गाढवावरच्या बोज्यावर आणखी एक शेंग. खरं काम भार एकटा करत नाही. पाणी भेगांतून खाली झिरपतं, खडकाच्या छिद्रांतला दाब वाढतो आणि प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंना एकमेकींवर घट्ट धरून ठेवणारं घर्षण कमी पडतं. ताण तिथे आधीच साचलेला असतो, पाणी फक्त पकड ढिली करतं. म्हणूनच शास्त्रज्ञ 'धरणाने भूकंप केला' असं म्हणत नाहीत, 'चालना दिली' असं म्हणतात. सरकारी कागदाला हा शब्द सोयीचा वाटतो, हा त्यातला योगायोग. तालुक्याला दोन्ही शब्दांत फारसा फरक दिसत नाही. झोपलेल्याला लाथ मारली काय आणि त्याची उशी काढली काय, जागा तर तो झालाच.

रिश्टरच्या आकड्यावरही शेरे असतात. 'चारचा झाला, सहाच्या निम्म्याहून जास्त की' हा त्यातला नेहमीचा. इथे मात्र हिशेब साफ चुकतो आणि तो समजून घेण्यासारखा आहे. हे माप शाळेच्या पट्टीसारखं नाही. एक अंक वाढला की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोन अंक वाढले की हजार पट. चारचा धक्का सहाच्या धक्क्याच्या ऊर्जेत हजारावा हिस्सा. बातमीत हे एक वाक्य कधीतरी छापलं असतं, तर साठ वर्षांत किती रात्री अंगणात न काढता घरात काढता आल्या असत्या!

भूकंपानंतर तालुक्यात शब्दांची एक नवी जोडी रुळली : प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्त. दोन्ही दाखल्यांना नोकरभरतीत महत्त्व, म्हणून दोन्हींसाठी कचेरीत खेटे. एकाच घरात, एकाच तळ्यामुळे दोन्ही प्रकारचे ग्रस्त निघू शकतात. धरणाचा आणि भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञांनी आलेख काढून दाखवला. तो आमच्याकडे दाखल्यांच्या फायलीत एकाखाली एक लावलेला होता.

टोमणा फक्त गरिबाचं किंवा खेड्याचं हत्यार असतो असं नाही. ११ जुलै १९७९ रोजी अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा कोसळली. ती आपल्याच डोक्यावर पडणार म्हणून आपल्याकडे लोकांनी कोंबड्या-बकरी कापून खाल्ल्याच्या कथा गावोगाव ऐकायला मिळतात. तुकडे पडले ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात, एस्परन्स परिसरात. तिथल्या स्थानिक प्रशासनाने नासाला सार्वजनिक जागी कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड ठोठावला. विनोद म्हणून जगभर तो गाजला. पण विनोदात मागणी होती : तुमचं यंत्र कितीही थोर असो, आमच्या अंगणात पडलं तर जबाबदार कोण? पाटणच्या 'आपलं इचारलं का कुनी'ला पावतीपुस्तक मिळालं असतं, तर तोही दंडच झाला असता.

मात्र प्रत्येक शेऱ्याची पाठराखण मी करणार नाही. पाटणजवळच्या वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या आल्या आणि पुढे दुष्काळी वर्षांत साताऱ्यात, सांगलीत एक बोलणं पसरलं की हे पंखे ढग हाकलतात, म्हणून पाऊस पडत नाही. हे चूक आहे. पंखा वाऱ्याला ढकलत नाही, वाराच पंख्याला ढकलतो. घरातला पंखा वीज खाऊन वारा देतो, हा वारा खाऊन वीज देतो. पावसाचे ढग किलोमीटर-किलोमीटर जाडीचे. काही दहा मीटर लांबीच्या पात्यांनी त्यांची वाट बदलत नाही.

तरी हा समज मूर्खपणातून आला असं मला वाटत नाही. पावसाळ्यात वनकुसवडेच्या सड्यावर गेलात तर ढग तुमच्या गुडघ्यांना लागतात आणि पाती त्या ढगांतूनच फिरताना दिसतात. डोळ्यांनी पाहिलेल्यावरून काढलेला तो अंदाज होता, फक्त चुकला. त्यामागची तक्रार आणखी वेगळी होती. माळ आमचा, वारा आमच्या डोंगरावरचा, वीज आणि पैसा मात्र बाहेर. जमिनीच्या व्यवहारात आपण फसलो, असं ज्याला वाटतं, तो आधी जमिनीबद्दल बोलतो. कुणी ऐकलं नाही की पावसाबद्दल बोलतो, कारण पावसाबद्दल सगळेच ऐकतात. धोका इथेच असतो. चुकीच्या विज्ञानावर बसवलेली खरी तक्रार तज्ज्ञाला एका वाक्यात निकालात काढता येते. ढगांचं खंडन झालं, की जमिनीचा प्रश्नही त्यातच मिटला असं धरलं जातं.

अलीकडची बातमी भोकाची. जमिनीखाली भूकंप नेमका कसा घडतो, हे जिथे घडतो तिथे जाऊन पाहावं, म्हणून केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी उभी केली. कोयना परिसरात गोठणे इथे २०१७ सालापर्यंत तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आलं. वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपासचा काळा बेसाल्ट संपला, की खाली ग्रॅनाइटचा जुना पाया लागतो. आमचे बहुतेक भूकंप या पायातच होतात. ते उथळ असतात आणि साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या एका पट्ट्यातच होतात. म्हणून जगातल्या शास्त्रज्ञांना ही जागा मोलाची वाटते. बातमी आली तेव्हा ऐकलेला शेरा : ''आधी वरनं पानी वतलं, आता खालनं भोक पाडाय लागल्यात.''

छिद्राने भूकंप येईल ही भीती अनाठायी आहे. वीतभर रुंदीचं ते छिद्र, मैलोगणती प्रस्तरभंगापुढे सुईच्या टोकाएवढंही नाही. पण शेऱ्यात एक ऐतिहासिक माहिती दडलेली आहे. पाणी ओतताना कुणी समजावून सांगितलं नव्हतं, म्हणून भोक पाडताना विश्वास बसत नाही. वैज्ञानिकावरचा हा अविश्वास विज्ञानाच्या शत्रुत्वातून आलेला नाही. तो १९६०पासूनच्या थकबाकीचा आहे आणि थकबाकी व्याख्यानाने फिटत नाही.

या सगळ्या शेऱ्यांचा ताळेबंद मांडला तर विज्ञानाच्या रकान्यात त्यांना फार तर निम्मे गुण मिळतील. पाण्यातलं सत्त्व : चूक. भार : अर्धं बरोबर. ढग : चूक. छिद्र : चूक. पण दुसरा रकाना प्रश्नांचा आहे. पाणी कुणाचं, जोखीम कुणाची, वारा कुणाचा आणि आम्हाला कळवणार कोण, हे चारही प्रश्न बिनचूक होते. ते अर्जात लिहून दिले तेव्हा पोच मिळाली, उत्तर नाही. म्हणून ते विनोदात आले. विनोदाला जावक क्रमांक लागत नाही आणि तो निकाली काढता येत नाही.

कोयनेच्या पट्ट्यात पाचाहून मोठे धक्के आजवर वीसच्या वर झालेत आणि लहान धक्क्यांची गणती हजारांत आहे. वारणेचं धरण भरल्यावर धक्क्यांची जागाही दक्षिणेकडे सरकली. म्हणजे ती बातमी पुन्हा येणारच आहे. तिच्यात एका ओळीची भर घालायला खर्च येत नाही : अमुक गावातल्या इतक्या शाळांच्या आणि घरांच्या भिंती तपासल्या, त्यांतल्या इतक्या धोकादायक निघाल्या. ती ओळ छापून येईल तेव्हा तालुका एक चांगला विनोद गमावेल. आमची हरकत नाही.