लाजाळूचे उसने नाव

सात-आठ वर्षांपूर्वी एका शाळेत मुलांसमोर बोलताना मी मोठ्या आवेशात सांगून टाकले होते, की "आपल्या अंगणातली ही लाजाळू चरकाचार्यांनाही ठाऊक होती, बरे का!" टाळ्याही पडल्या. कार्यक्रम संपल्यावर मागच्या बाकावरून एक वयोवृद्ध वैद्यकाका हळूहळू पुढे आले. सगळ्यांसमोर बोलायचे त्यांनी टाळले, हा त्यांचा मोठेपणा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबा, चांगले बोललास. पण ही ती न्हय. ही भायली."

भायली म्हणजे बाहेरची. मला ते काही पटले नाही. लाजाळू आणि बाहेरची? लहानपणी आमच्या पोरसात, शाळेच्या मैदानावर, सड्यावरच्या गवतात जिथे पाय टाकावा तिथे ही पसरलेली असायची. जमिनीलगत सरपटणारी लालसर खोडे, गुलाबी रेशमाचे गोंडे असावेत तशी फुले, आणि अनवाणी पायांना बोचणारे बारीक काटे. चेंडू शोधायला गेलेला मुलगा वाटेत चार पाने मिटवल्याशिवाय परत येत नसे. आजी तर तिला देवाघरचेच झाड समजायची. परक्या माणसाची सावली पडली तरी ही मिटते, असे ती सांगायची. (सावली पडून काही होत नाही, हे आम्ही तेव्हाच करून पाहिले होते. आजीला सांगितले मात्र नाही.)

पण वैद्यकाकांचे शब्द मनात रुतून बसले आणि मी शोध सुरू केला. वाचकहो, काका शंभर टक्के बरोबर होते.

आपण जिला लाजाळू म्हणतो ती मिमोसा पुदिका. 1753 साली लिनियसने हे नाव दिले तेव्हाच तिचे घर ब्राझील म्हणून नोंदवले. मूळची ती उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलणारे लोक तिला 'दोर्मिदेइरा' म्हणतात, म्हणजे झोपाळू. मिरची, काजू, पेरू, अननस हे सारे तिकडून आपल्याकडे आले ते आपण आता पचवले आहे. फेणीला परदेशी म्हणण्याची गोव्यात कोणाची छाती आहे? पण त्या सगळ्यांना कोणीतरी मुद्दाम आणले, लावले, खाल्ले. लाजाळूला निमंत्रणाची गरज नव्हती. तिच्या चपट्या शेंगांच्या कडांना राठ केस असतात, ते कपड्याला आणि गुरांच्या अंगाला चिकटतात. बी असे फुकट प्रवास करते.

चरकसंहिता तर पोर्तुगीज गलबते येण्याच्या हजाराहून अधिक वर्षे आधीची. तिच्यात 'समंगा' हे नाव येते आणि पुढच्या निघंटूंत ते लज्जालूचे पर्यायी नाव म्हणून दिसते. (समंगा म्हणजे मंजिष्ठा, असेही काही टीकाकार मानतात.) मग ती लज्जालू कोणती?

याचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळाले. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. आम्हा गोवेकरांना या ग्रंथाचा अभिमान वाटतो तो वेगळ्या कारणाने. त्याच्या कामात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्य होते. कोचीनला स्थायिक झालेल्या गौड सारस्वत समाजातले. त्यांनी 1675 साली नागरी लिपीत लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. ते पान पाहताना अंगावर काटा येतो.

या ग्रंथाच्या नवव्या खंडात 'तोड्डा वड्डी' नावाची एक वनस्पती आहे. मलयाळममध्ये 'तोट्टावाडी' म्हणजे हात लावताच कोमेजणारी. आज केरळात कोणालाही तोट्टावाडी विचारा, तो तुमच्या-आमच्या काटेरी लाजाळूकडे बोट दाखवील. पण ग्रंथातली तोड्डा वड्डी भलतीच आहे! तिला काटे नाहीत, गुलाबी गोंडे नाहीत. बोटभर उंचीच्या दांडीवर माडासारखा पानांचा झाप आणि मध्ये इवली पिवळी फुले. हिचे शास्त्रीय नाव बायोफायटम सेन्सिटिव्हम. आंबुशीच्या कुळातली, म्हणजे आमच्या बिंबलांची आणि करमलांची धाकटी बहीण. पावसाळ्यात ओलसर बांधावर, चिऱ्यांच्या भिंतीच्या सावलीत उगवते. हात लावला की तिचीही पाने मिटतात, पण सावकाश आणि खालच्या बाजूला.

म्हणजे सतराव्या शतकात स्थानिक वैद्यांच्या तोंडी 'स्पर्शाने कोमेजणारी' हे नाव या चिमुरडीचे होते. पुढे ब्राझीलची पाहुणी आली. ती जास्त चपळ, दिसायला देखणी, वर्षभर भेटणारी. लोकांनी ते नाव हिच्या हवाली केले. केरळात निदान जुनीला 'मुक्कुट्टी' हे गोड नाव उरले आहे. मुक्कुट्टी म्हणजे चमकी, पिवळ्या फुलावरून. कर्कटक महिन्यात तिथल्या स्त्रिया तिचा रस काढून कपाळाला टिळा लावतात. आमच्याकडे मराठी पुस्तकांत तिला 'लाजरी' म्हटले आहे, पण माझ्या गावात मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी "तण आहे काहीतरी" एवढेच सांगितले.

हे सगळे ऐकल्यावर कोणी म्हणेल, की भावप्रकाशात लज्जालूला 'शमीपत्रा', 'नमस्कारी' म्हटले आहे, त्याचे काय? शमीसारखी पाने आणि हात जोडल्यासारखे मिटणे हे तर मिमोसालाच शोभते. शंका रास्त आहे. पण त्याच यादीत 'जलकारिका' हेही नाव आहे, आणि तळ्यात तरंगणारी एक पाणलाजाळूही असते, तिची पानेही शमीसारखीच. निघंटूतली लज्जालू बहुधा एकच वनस्पती नसावी. शिवाय भावप्रकाश सोळाव्या शतकातला. फिरंग रोग आणि त्यावरची चोपचिनी या दोन्ही नव्या गोष्टी त्या ग्रंथाला ठाऊक आहेत. फिरंग्यांचा रोग पोहोचला तिथे त्यांचे तण पोहोचले नसेल असे छातीठोकपणे कसे म्हणावे?

आपल्या गोव्याचाही एक साक्षीदार आहे. गार्सिया द ऑर्ताचे 'संवाद' 1563 साली इथेच, गोव्यात छापले गेले. त्यात मलबारच्या एका औषधी वनस्पतीबरोबर 'स्पर्श करताच कोमेजणाऱ्या' वनस्पतीचा विषय आहे. ती कोणती? ऑर्ताच्या पुस्तकात काजू नाही. भारतातल्या काजूची नोंद 1578 साली क्रिस्तोव्हाँ द कोस्ताच्या ग्रंथात मिळते, तीही कोचीनची. ज्या माणसाला काजूही दिसला नव्हता, त्याच्या दारात ब्राझीलचे तण पसरले असेल असे मला वाटत नाही. ऑर्तानेही आपली बांधावरची धाकटीच पाहिली असावी.

ज्यांना जुन्या ग्रंथांचा पुरावा पुरेसा वाटत नाही त्यांच्यासाठी मुळांतला पुरावा आहे, अगदी शब्दशः. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांत हवेतला नत्र बांधणारे जीवाणू राहतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भारतातल्या मूळच्या मिमोसा जाती आणि ही लाजाळू यांच्या गाठी तपासल्या. देशी जातींच्या गाठींत एका गटाचे जीवाणू, तर लाजाळूच्या गाठींत अगदी वेगळ्या गटाचे, अमेरिकेतल्या मिमोसांबरोबर राहणाऱ्यांच्या नात्यातले! इतकी वर्षे इथे राहूनही बाईंनी घरचे नोकर बदलले नाहीत.

आता औषधाचे काय? आजच्या भारताच्या अधिकृत आयुर्वेदिक औषधीकोशात लज्जालू म्हणजे मिमोसा पुदिका असेच आहे. कित्येक पिढ्यांच्या वैद्यांनी ती वापरली, अनुभव घेतला, तो खोटा नव्हे. ती आपली झाली यात वादच नाही. बेळगावकडे कन्नड बोलणारे तिला 'मुट्टिदरे मुनि' म्हणतात, शिवले की रुसणारी. असे लाडाचे नाव परक्याला कोण देतो? माझी तक्रार एवढीच, की जुन्या ग्रंथातले गुण वाचायचे एकीचे आणि मुळी उपटायची दुसरीची, हे डोळे मिटून चालू नये. आणि चरकाचे नाव घेऊन टाळ्या मिळवू नयेत, ही माझी स्वतःचीच चूक.

गेल्या पावसाळ्यात वैद्यकाकांकडे गेलो होतो. नव्वदीला टेकलेले. काठी टेकत त्यांनी मला घरामागच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांपाशी नेले. शेवाळात दोन-तीन इवले माड उभे होते. मी वाकून बोट लावले. काही झाले नाही. "थांब मरे," काका म्हणाले, "ती म्हातारी आहे माझ्यासारखी. तिला वेळ लागतो." मग एकेक पान सावकाश खाली झुकू लागले.