लुनाच्या गावात गोल्फ कार्ट: आजोबांसाठी घ्यायची की नाही?

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

राहुरीकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. म्हणाला, "दादा, आमच्या आजोबांचे गुडघे गेलेत. डाळिंबाची बाग घरापासून अर्ध्या किलोमीटरवर, पण वर्ष झालं, त्यांनी ती बघितलेली नाही. बाइकवर मागे बसता येत नाही, ट्रॅक्टरवर चढता येत नाही. रीलमध्ये गोल्फ कार्ट बघितली. घेऊ का?"

खरं सांगतो, आधी हसू आलं. नगर जिल्हा, उसाचा पट्टा, आणि गोल्फ कार्ट! पण मग या गाडीचा इतिहास वाचत बसलो आणि हसू थांबलं. कारण ही गाडी जन्माला आली तीच अशा आजोबांसाठी.

गोष्ट अमेरिकेतली. १९३० च्या दशकात तिथे बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या गोल्फच्या मैदानावर दिसायला लागल्या. पण वापरायचं कोण? ज्यांना लांब चालता येत नव्हतं ते. पुढची वीसेक वर्षं ही प्रामुख्याने पाय दुखणाऱ्यांचीच गाडी होती. मग दुसरं महायुद्ध आलं, पेट्रोलचं रेशनिंग झालं, आणि कॅलिफोर्नियातल्या मर्ल विल्यम्स नावाच्या माणसाने विजेच्या गाड्या बनवायचं तंत्र शिकून घेतलं. १९५१ मध्ये त्याच्या मार्केटियर कंपनीने गोल्फ कार्ट बनवायला सुरुवात केली. १९५४ मध्ये ई-झी-गो आली, १९५८ मध्ये क्लब कार. आणि ऐकून गंमत वाटेल, १९६३ पासून काही वर्षं हार्ली-डेव्हिडसननेसुद्धा गोल्फ कार्ट बनवल्या! तोवर धडधाकट लोकही त्यात बसायला लागले होते, आणि गाडी श्रीमंतीची खूण झाली.

आता आपल्या नगरकडे येऊ. लहान गाडीचा विषय निघाला आणि नगर आलं नाही, असं होऊच शकत नाही. नगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक कुंदनमल फिरोदिया, मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात ऑटोरिक्षा भारतात रुजवण्यासाठी धडपड केली. माणसाने माणसाला ओढायची रिक्षा बंद व्हावी, ही त्यामागची तळमळ. दुसरे चिरंजीव हस्तीमल फिरोदिया यांनी किनेटिक इंजिनिअरिंग उभी केली आणि १९७२ मध्ये लुना आली. ५० सीसीचं इंजिन, पेडल मारायची सोय, वजनाला हलकी. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, कॉलेजच्या मुली, ज्यांना स्कूटर परवडत नव्हती किंवा झेपत नव्हती, ते सगळे लुनावर बसले. तुमच्या घरातल्या कुणाला तरी विचारा, लुनाची एक तरी आठवण निघेलच.

त्याच घराण्यातल्या सुलज्जा फिरोदिया-मोटवानी यांच्या किनेटिक ग्रीनने २०२४ मध्ये बॅटरीवरची ई-लुना आणली, आणि ती नगरच्या कारखान्यात बनते. हीच कंपनी गोल्फ कार्टही विकते. २०२३ मध्ये तिने टोनिनो लॅम्बोर्गिनी या इटालियन ब्रँडशी त्यासाठी भागीदारी जाहीर केली. (सुपरकार बनवणारी लॅम्बोर्गिनी ती वेगळी. हा ब्रँड तिच्या संस्थापकाच्या मुलाचा.) म्हणजे आपल्या श्रोत्याचा प्रश्न वाटतो तितका परका नाही.

मग घ्यायची का? इथेही इतिहासच उत्तर देतो. गाडी कशासाठी बनली होती, ते आठवायचं.

एक. ती मैदानासाठी बनली, रस्त्यासाठी नाही. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात फक्त बंदिस्त आवारात चालणाऱ्या खास गाडीला 'मोटार वाहन' या व्याख्येतून वगळलंय. आवाराबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर आलात की नोंदणी हवी, विमा हवा, लायसन हवं. अमेरिकेने १९९८ मध्ये कमी वेगाच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग काढला. आपल्याकडे २०१५ मध्ये ई-रिक्षाला कायद्यात जागा मिळाली, पण ती तीनचाकी आणि भाड्याने चालवण्यासाठी. चारचाकी घरगुती गोल्फ कार्ट त्यात बसत नाही. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नाहीच. घर आणि बाग यांच्यामध्ये डांबरी रस्ता येतो का? येत असेल, तर 'दोनच मिनिटं तर ओलांडायचंय' म्हणू नका. त्या दोन मिनिटांत काही झालं तर भरपाई तुमच्या खिशातून.

दोन. ती कापलेल्या हिरवळीसाठी बनली. आपली काळी जमीन पावसाळ्यात कशी धरते, ते तुम्हाला मी सांगायला नको. लहान चाकं, पोट जमिनीलगत, गाडी रुतणारच. बांधाच्या कडेने मुरूम टाकलेली वाट असेल तरच विचार करा. मोठ्या चाकांची, उंच मॉडेल्स मिळतात, पण मग पायरीही उंच होते आणि आजोबांचा गुडघा पुन्हा आडवा येतो.

तीन. ती संथ चालण्यासाठी बनली. दारं नसतात, आणि बऱ्याच गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. उतारावर वळताना माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो. आणि आपल्याकडे शेतात कठडा नसलेल्या विहिरी आहेत. आधी विहिरीला कठडा बांधा, मग गाडीची चौकशी करा. पट्टा आणि धरायला दांडा हवाच. किल्ली नातवंडांच्या हाती लागू देऊ नका.

चार, बॅटरी. जुन्या पद्धतीच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या स्वस्त, पण जड. ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या म्हणजे जवळपास पावणेदोनशे किलो. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालत राहावं लागतं, चार-पाच वर्षांत त्या बदलाव्या लागतात. लिथियम महाग, पण हलकी, लवकर चार्ज होणारी आणि जास्त टिकणारी. शेतीची थ्री फेज लाइट कधी येते आणि कधी जाते, याचा भरवसा नाही. म्हणून चार्जिंग घरच्या सिंगल फेजवर, चांगलं अर्थिंग असलेल्या १५ अँपिअरच्या प्लगवर. हॉटेलातून निघालेली सेकंडहँड बग्गी स्वस्तात मिळते, पण तिच्यात बहुतेकदा बॅटरीच थकलेली असते. बॅटरीवरची तारीख बघा, चार माणसं बसवून चढावर नेऊन बघा. नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव करा.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. गाडी बघायला जाताना आजोबांना सोबत न्या. त्यांना स्वतः चढू द्या, उतरू द्या, दोन-तीनदा. शोरूममधले दिवे आणि स्पीकर तुम्हाला आवडतील. पण गाडी त्यांच्यासाठी आहे ना?

मी त्या श्रोत्याला हेच कळवलं. त्याचं उत्तर आलं, "दादा, मध्ये झेडपीचा रस्ता आहे." मग गोल्फ कार्ट नाही, असं ठरलं. आता तो पासिंग झालेल्या, खालच्या पायरीच्या इलेक्ट्रिक तीनचाकीची चौकशी करतोय. चालवणार तो स्वतः, आजोबा मागे.

लुना विकली गेली ती भारी होती म्हणून नाही. जिच्यावर बसायचं त्या माणसाला ती झेपत होती, म्हणून. गाडी कुठलीही घ्या, हे एवढं बघा.

तुमच्या घरातली लुनाची किंवा पहिल्या गाडीची गोष्ट व्हॉइस मेसेजवर पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, सावकाश चालवा!